मनातसुद्धा गायचं नाही

"बरा कॅन्सर आहे तुमचा. काळजी नको."

हे वाक्य पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले, मग आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, मग आमच्या मजल्यावरची प्रत्येक बाई म्हणाली. थायरॉइडचा कॅन्सर म्हणजे जणू मला म्हाडाची लॉटरी लागली होती. एकीने तर चक्क "नशीबवान आहेस गं" म्हटलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, बरा असेल, पण तो माझ्या गळ्यात होता, तुमच्या नाही! तुमच्यापैकी कुणाला हा आजार झाला असेल आणि लोक असा धीर देत असतील, तर खुशाल चिडा. माझी परवानगी आहे.

मी सुजाता. दादरच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि राहते लालबागला. सासरे गिरणीत होते. त्यांची चाळ पाडून आता टॉवर झालाय, तिथे मी, नवरा दिलीप आणि सासूबाई अशी तिघं असतो. दिलीप गोदीत नोकरीला आहे. सासूबाई मालवणच्या बाजूच्या. आयुष्य मुंबईत गेलं तरी बोलणं तिकडचंच राहिलंय.

आणि मी गेली बरीच वर्षं माझगावच्या एका चर्चच्या क्वायरमध्ये गाते. हो, मी हिंदू आहे. हो, घरी गणपती येतो, आणि आरतीलाही सगळ्यात मोठ्याने मीच ओरडते. नाही, मी धर्म बदललेला नाही. हे प्रश्न मला इतके सवयीचे झालेत, की आता विचारायच्या आधीच उत्तरं देऊन टाकते.

जाडा आवाज

हे सगळं फिलूमुळे झालं. फिलू म्हणजे फिलोमिना, आमच्या शाळेत गणित शिकवते. माझगावची, अस्सल ईस्ट इंडियन, मराठी माझ्याइतकंच फाडफाड बोलते. माझा आवाज जाडा. लहानपणी स्नेहसंमेलनात गाण्याच्या बाईंनी मला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. फिलूने मात्र मला नववी ब वर ओरडताना ऐकलं आणि स्टाफरूममध्ये येऊन म्हणाली, "अगो, तू आल्टो आहेस! आमच्याकडे आल्टोंचा दुष्काळ पडलाय. चल प्रॅक्टिसला."

आल्टो म्हणजे बायकांचा खालचा आवाज. वरची सुरेल चाल सोप्रानो गातात आणि लोकांना तीच ऐकू येते. आम्ही मधे कुठेतरी.

गुड फ्रायडेला आमची क्वायर तीनेकशे वर्षांपूर्वीचं जर्मन संगीत गाते. बरोक म्हणतात त्या काळातलं. ख्रिस्ताच्या शेवटच्या दिवसांची कथा गाऊन सांगायची. एक जण कथा सांगतो, एक जण ख्रिस्ताचे शब्द गातो आणि क्वायर होते गर्दी. 'मारा त्याला, टांगा त्याला' म्हणून आम्ही बेंबीच्या देठापासून किंचाळतो. आणि पान उलटलं की तेच आम्ही, त्याच तोंडाने, हळू आवाजात एक साधं स्तोत्र गातो. अरे देवा, हे काय होऊन बसलं, असं म्हणत. मला हे फार आवडायचं. आमच्या घरातही असंच चालतं. आधी आरडाओरडा, मग तासाभराने चहा करून विचारणार, साखर बघ गं बरोबर आहे का.

आल्टोचं मुख्य काम सांगू? अडून बसणं. बाकीचे आवाज पुढच्या सुरावर गेलेले असतात, आपण मागचाच सूर धरून ठेवायचा. तो त्यांच्या सुरावर घासतो. अंगावर काटा येतो, इतका टोचतो. मग आपण एक पायरी खाली उतरायचं आणि सगळं जुळून येतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं ते तिथे. समोर उभं राहून हातांच्या इशाऱ्यांनी आम्हाला गायला लावणारे आमचे कंडक्टर ऑस्वल्ड सर या जागेवर हमखास थांबवायचे.

"सुटायची घाई करू नका, लेडीज. टोचतंय तर टोचू द्या. ते टोचलंच नाही, तर पुढे बरं कसं वाटणार?"

सर कडक. उशिरा येणाऱ्याकडे नुसतं बघतात, तेवढं पुरतं.

गाठ

गाठ फिलूने शोधली, आणि तीही प्रॅक्टिस चालू असताना. ती माझ्या डावीकडे उभी राहते. मी पाणी प्यायले आणि ती एकदम म्हणाली, "तुझ्या गळ्यावर काय गो ते? तू गिळलंस की वर-खाली होतंय." मी म्हटलं, वाढत्या वयाची चरबी आहे. ती म्हणाली, "चरबी लिफ्टसारखी चढते-उतरते काय?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरची वेळ घेऊन आली.

सोनोग्राफी झाली, सुई टाकून तपासणी झाली, आणि मग परळच्या हॉस्पिटलातल्या एका खोलीत ते 'बरा कॅन्सर' वाक्य आलं. दिलीप खुर्चीत ताठ बसला होता. डॉक्टर भले होते. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं. गाठीच्या मागून एक बारीक नस जाते, ती आवाजाची. गाठ तिला चिकटून बसल्यासारखी दिसत होती. "सांभाळून सोडवू," ते म्हणाले, "पण ती काही काळ झोपू शकते. कधीकधी कायमची."

मी एकच विचारलं. "मी गाऊ शकेन का?"

दिलीपने वळून माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्या खोलीत काहीतरी घाणेरडं बोलले होते. घरी आल्यावर फुटला. "कॅन्सर झालाय तुला! जगशील का ते विचारायचं सोडून तुला त्या जर्मन रडगाण्यांची पडलीय?"

मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हटलं, जगणार आहे असं ते म्हणालेच ना, मग मी पुढचं विचारलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून आम्हा दोघांकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "झगडतास कित्या? ताटां वाढलंय." आम्ही जेवलो. बांगड्याचं तिखलं होतं आणि दिलीपने माझ्या ताटातल्या माशाचा काटा काढून दिला. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

पण खरं सांगते, मला मरणाची भीती कमी आणि त्या झोपणाऱ्या नसेची जास्त वाटत होती. आयुष्यात एकाच ठिकाणी मला कुणी म्हणालं होतं, तुझाच आवाज हवाय, तो जाडाच हवाय. ते ठिकाण हातचं जाणार होतं. हे कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर म्हणाले असते, बरा कॅन्सर आहे ना, मग?

वॉर्ड

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा गळ्यातून एक नळी निघून एका छोट्या बाटलीत गेलेली होती. ती बाटली पुढे मी पर्ससारखी बगलेत घेऊन फिरायचे. नर्स दर थोड्या वेळाने येऊन विचारायची, "ओठांना मुंग्या येतायत का?" कॅल्शियम कमी झालं की येतात म्हणे. सकाळी मावशी फरशी पुसायच्या आणि पुसता पुसता प्रत्येक बाईला विचारायच्या, "झोप लागली का गं?" या प्रश्नाने किती बरं वाटायचं! रिपोर्टात ज्याचा उपयोग नाही असं आमच्याबद्दल काहीतरी विचारणारं त्या वॉर्डात तेवढंच एक माणूस होतं.

डॉक्टरांनी राउंडला येऊन म्हटलं, "बोला बघू काहीतरी."

मी "नमस्कार" म्हटलं. निघाली फक्त हवा. सायकलच्या पंक्चर झालेल्या ट्यूबमधून येते तशी. मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. गाठ पूर्ण निघाली होती, नस कापलेली नव्हती, पण ती झोपली होती. "उठेल," डॉक्टर म्हणाले. कधी? "सहा महिने, वर्ष. वाट बघायची."

ते गेल्यावर मी खूप रडले. रडण्याचाही आवाज येईना, तेव्हा तर आणखीच रडले.

आणि पाणी! त्या झोपलेल्या नसेमुळे पाणी भलत्याच वाटेने जायचं आणि ठसका लागायचा. हनुवटी छातीला टेकवून गिळायचं असं शिकवलं, तरी भीती वाटायची. सासूबाईंनी डब्यातून पेज आणली. जाडसर, उकड्या तांदळाची, मीठ घातलेली. ती पहिल्या घोटाला सरळ खाली उतरली. ज्यांना असा त्रास होईल त्यांनी डॉक्टरांना विचारून पेज जरूर करून बघावी. ती उतरली आणि माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंना मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "हात कित्या जोडतंस? पी गप."

हवेवर चालणारा संसार

घरी आल्यावरचे दिवस हॉस्पिटलपेक्षा अवघड गेले. तिथे सगळेच आजारी असतात. घरी फक्त आपण.

माझं सगळं घर माझ्या आवाजावर चालायचं, हे मला आवाज गेल्यावर कळलं. आतल्या खोलीतून हाक मारायची सोय राहिली नाही. फोनवर कुरियरवाला "हॅलो, हॅलो" करून ठेवून द्यायचा. मी काही सांगायला तोंड उघडलं की दिलीप जवळ येऊन वाकायचा, आणि चेहरा असा करायचा जसा आपण तान्ह्या बाळासमोर करतो. मला त्याचा राग यायचा. भांडायला तर आवाज लागतोच. आवाजाशिवाय भांडून बघा एकदा. समोरचा "काय? काय म्हणालीस?" करत राहतो आणि त्या भांडणात काही दम राहत नाही. एकदा मी रागाने उशी फेकली. दिलीपने ती उचलली, झटकली आणि म्हणाला, "हे कळलं." दोघंही हसलो, पण मला नंतर पुन्हा रडू आलं.

मग आयोडीनची ट्रीटमेंट. उरलेसुरले कण मारायला किरणोत्सारी गोळी देतात आणि तुम्हाला एका खोलीत एकटं ठेवतात, कारण तुमच्यापासूनच इतरांना धोका. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवून नर्स लांब जायची. मी माझ्यासोबत हेडफोन नेले होते. त्या खोलीत मी आमचं गुड फ्रायडेचं सगळं संगीत पुन्हा पुन्हा ऐकलं. तो काटेरी मुकुट, ते फटके, ते सोडून गेलेले मित्र. फिलू म्हणाली होती, अशा वेळी काहीतरी आनंदी ऐक. पण आनंदी गाणी मला सोसवेनात. ती 'बरा कॅन्सर' म्हणणाऱ्यांच्या बाजूची वाटायची. हे संगीत मात्र म्हणत होतं, दुखतंय ना? दुखतंच. बस इथे. माझ्याजवळ त्याहून चांगला सोबती नव्हता.

खोलीतून बाहेर आले तेव्हा मन शांत होतं आणि गळा मात्र आधीपेक्षा वाईट. घट्ट, दुखरा, थकलेला. कारण काही केल्या कळेना.

पकडली गेले

कारण मृण्मयीने शोधलं. ती माझी स्पीच थेरपिस्ट, माझी विद्यार्थिनी शोभेल एवढी. तिने विचारलं, एकटीने बोलत होतात का? नाही. कुजबुजत होतात? नाही. मग काय करत होतात? मी म्हटलं, काही नाही, गाणी ऐकत होते.

"कसली?"

मी मोबाइलवर लावून दाखवलं. तिने दोन बोटं माझ्या गळ्यावर हलकेच ठेवली आणि म्हणाली, "फक्त ऐका." मी ऐकायला लागले. थोड्या वेळाने तिने गाणं बंद केलं.

"मॅडम, तुम्ही गाताय."

मी हवेच्या आवाजात म्हटलं, "तोंड बंद आहे माझं."

"तोंड बंद आहे, गळा चालू आहे. सगळे स्नायू वर चढतायत. तुमचा एक स्वरतंतू झोपलाय, दुसरा एकटा दोघांचं ओढतोय, आणि तुम्ही त्याला दिवसभर गायला लावलंय. आता बंद. मनातसुद्धा गायचं नाही."

मला हसावं की रडावं कळेना. सगळ्या जगात ही चूक फक्त क्वायरवालेच करू शकतात. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला मधली ओळ कुठे ठाऊक असते? मला ठाऊक होती. प्रत्येक श्वासाची जागा, प्रत्येक मोजलेला थांबा. ते संगीत सुरू झालं की मी आल्टोच्या रांगेत उभी राहायचेच. इतकी वर्षं मी ते संगीत एकदाही नुसतं ऐकलेलंच नव्हतं. मी कायम कामावर होते.

फिलूला सांगितलं तर ती खो खो हसत सुटली. तेव्हा त्यांचा लेंटचा, उपासाचा काळ चालू होता. "मी मटण सोडलंय," ती म्हणाली, "तू आल्टो सोड."

सर घरी भेटायला आले. सासूबाईंनी केलेली सोलकढी दोनदा मागून घेतली. मी त्यांना मृण्मयीचं फर्मान सांगितलं आणि विचारलं, कसं जमायचं हे? सरांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या गावात घरोघरी मुलं मरत होती, सुजाता. ती माणसं दमून येऊन बाकावर बसायची. हे त्यांच्यासाठी लिहिलंय. गाणाऱ्यांसाठी नाही. तू एकदा बाकावर बसून बघ."

मटण सोडणं सोपं असेल. मला आल्टो सोडता येईना. बासकडे, म्हणजे पुरुषांच्या खालच्या आवाजाकडे लक्ष देऊन बघितलं, व्हायोलिनचा पाठलाग करून बघितला. गळ्यावर स्वतःची बोटं ठेवून बसायचे, आणि आमची एंट्री जवळ आली की गळा हळूच वर सरकायचाच. मेला ऐकेचना. मग दुपारी सासूबाई जवळ येऊन बसायला लागल्या. त्या सुकट निवडायच्या, मी ऐकायचे. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. "रडतत काय गे?" एवढंच एकदा विचारलं. मी मान हलवली. "रडांदेत," म्हणाल्या आणि निवडत राहिल्या.

एका दुपारी निवडता निवडता त्या बसल्या जागी झोपल्या. मांडीवर सूप, तोंड किंचित उघडं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. नवरा गेला, गिरणी गेली, चाळ गेली, आणि आता सुनेचं हे. बाई कधी 'हाय' म्हणाली नाही. बघता बघता माझाही डोळा लागला. जाग आली तेव्हा संगीत संपून गेलं होतं आणि गळा सैल होता, लोण्यासारखा. आमच्या एंट्र्या कधी आल्या आणि कधी गेल्या, मला पत्ताच नव्हता.

बाकावर

गुड फ्रायडेला मी चर्चमध्ये गेले ते ऐकायला. आवाज तोपर्यंत थोडा सुधारला होता, म्हणजे पंक्चर ट्यूबऐवजी फाटका भोंगा. गाणं तर दूरच. जावं की नको हेच ठरत नव्हतं, कारण ती आल्टोची रांग माझ्याशिवाय उभी असलेली बघावी लागणार होती. पण सासूबाईंनी कपाटातली चांगली साडी काढली आणि म्हणाल्या, "माका पण येवचा आसा." मग दिलीपही शर्ट बदलून आला.

आम्ही तिघं मधल्या बाकावर बसलो. बाजूला मोठा उभा पंखा घरघरत होता. त्या दिवशी चर्चमध्ये घंटा वाजत नाहीत, टाळ्याही वाजत नाहीत. सगळे काळ्या-पांढऱ्या कपड्यांत. क्वायर आली. फिलूच्या उजवीकडे जागा मोकळीच ठेवली होती.

मग सुरू झालं. गर्दी किंचाळली आणि मी दचकले. इतकी वर्षं त्या गर्दीत होते, पण ती अंगावर येते कशी, ते कधी कळलंच नव्हतं. मग ते साधं स्तोत्र आलं. आल्टो एका सुरावर अडून बसल्या, तो सूर टोचला, चांगला खोलवर टोचला, आणि मग सुटला. मी डोळे पुसले नाहीत. म्हटलं, वाहू देत. दिलीपने माझा हात धरला. तो त्या 'जर्मन रडगाण्या'त पुरता बुडालेला होता.

शेवटचं गाणं सगळं संपल्यावरचं आहे. देह खाली उतरवलाय, कबरीत ठेवलाय, आणि मागे राहिलेले त्याच्यापाशी बसून गातायत. सासूबाई माझ्याकडे झुकल्या. "आता काय म्हणतत?"

मी हळूच सांगितलं. पंख्याच्या घरघरीत त्यांना काही कळलं नाही. "काय?"

पुन्हा सांगितलं. "काय गो?"

मी तोंड त्यांच्या कानाशी नेलं, खोल श्वास घेतला आणि म्हटलं, "निज म्हणतायत त्याला, आई! खूप सोसलंस, आता निवांत निज!"

अख्ख्या चर्चमध्ये घुमलं. नववी ब ला गप्प करणारा, जाडा, भरदार, माझा आवाज. आणि घुमला तो गाणं थांबलेल्या शांततेत, कारण त्या गाण्यात शेवटच्या सुराच्या आधी एक थांबा आहे. तिथे सगळे एकदम थांबतात, कुणी श्वाससुद्धा घेत नाही. तो थांबा मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. इतक्या वर्षांत तो मोजायला मी एकदाही चुकले नव्हते. त्या दिवशी मी मोजतच नव्हते.

सरांचे हात हवेत तसेच राहिले. पुढच्या रांगांतली डोकी वळली. मी तोंडावर हात दाबला. फिलूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसू दाबत होती. दोन्ही एकदम. सरांनी हात खाली आणले, आणि शेवटचा सूर आला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे हळूहळू उठले. सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "मगे आधीच असा सांगूचा ना." बाहेर व्हरांड्यात सर आले. मी मान खाली घातली.

"थांब्यात एंट्री घेतलीस," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "सावकाश. आधी मृण्मयीला विचार. जागा ठेवलेली आहे."

आम्ही टॅक्सी केली. माझगावहून लालबागपर्यंत मी सलग बोलत होते. काय बोलले आठवत नाही, आवाज मधेच फाटत होता, मधेच नुसती हवा निघत होती, पण बोलत होते. लालबागच्या पुलाखाली सिग्नलला टॅक्सीवाल्याने आरशातून मागे बघितलं. दिलीप खिडकीकडे तोंड करून रडत होता, आणि त्याने मला एकदाही गप्प बस म्हटलं नाही.